दुसऱ्या मशीनवरची उघडी पानं

"अहो, त्याला हात लावू नका!" प्रूफवाले काका खुर्चीतून अर्धे उठलेच.

दुरुस्तीवालीनं माउस सोडला. कॉम्प्युटर काकांचा होता आणि तो मरणाचा हळू चालतो ही तक्रारही काकांचीच होती.

"काका, हा ब्राउझर जुनापुराणा झालाय. दुसरा टाकून देते, फुकट आहे. जाहिराती अडवतो, अक्षरं मोठी करतो, लेख वाचूनसुद्धा दाखवतो."

"छत्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलीत मी. मला कुणी वाचून दाखवायला नको."

"बरं, पण तुम्ही वापरता कशाला एवढा?"

"विजेचं बिल. हवामान. शब्दकोडं. काल हृदयाचा वरचा कप्पा, तीन अक्षरी, यावर अडलो, तासभर हृदयाचीच पानं चाळली."

"मग ते काय, कुठल्याही ब्राउझरवर सापडेल."

"हाच ठेवा." काका थोडे घुटमळले. "एक विचारू? दुसऱ्याची यादी आपण नुसती बघितली, तर त्याला कळतं का हो?"

"नुसतं बघितलेलं कुणाला कळतंय, काका!" ती हसली आणि तोच ब्राउझर नवा करून दिला.

ती गेल्यावर काकांनी आधी दार लावलं आणि मग ती यादी उघडली. 'इतर उपकरणांवर उघडी पानं.' होती जागेवर. काकांच्या जिवात जीव आला.

कॉम्प्युटर मुलानं बसवून दिला होता. नवे पासवर्ड कुठे लक्षात ठेवायचे, तुझंच खातं टाक, असं काकांनीच सांगितलं होतं. पुढे मुलगा बँकेतली नोकरी सोडून सुतारकाम शिकायला निघाला. काका नको ते बोलले आणि तो घर सोडून गेला. सहा महिन्यांनी त्याचं पत्र आलं. चार पानी, माफीचं. काकांनी त्यातल्या सतरा चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या आणि पत्र परत पाठवलं.

त्यात रागाचा लवलेश नव्हता. थोडी सवय होती, थोडी चेष्टा, आणि खूप माया. पण लाल शाईतून माया कुणाला दिसणार? मुलानं फोन नंबर बदलला. काकांनीही शोध घेतला नाही. सुंभ जळला तरी पीळ काही जळेना.

खातं एकच, म्हणून मुलाच्या मशीनवरची पानं दाखवणारी ही यादी मात्र चुकून सापडली आणि तीन वर्षं काका तिच्यावरच जगले. रोज सकाळी चहा झाला की मुलगा काय वाचतोय ते बघायचं. बिजागरी कशी बसवावी. सागवानाचे भाव. एका खोलीची भाडी. भात मऊ का होतो. काका प्रत्येक पान उघडून शेवटपर्यंत वाचायचे. शेजारी बसून वाचल्यासारखं वाटायचं. पाणी कमी घाल, असं एकदा मोठ्यानं बोलूनही गेले. आठवण इतकी यायची की बिजागऱ्यांबद्दल वाचतानाही डोळे भरायचे.

त्या दिवशी यादीत सगळ्यात वर होतं : 'हृदयविकाराची सुरुवातीची लक्षणं.'

काकांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. असेल कुणासाठी तरी, मालकासाठी, घरमालकिणीसाठी, असं त्यांनी मनाला बजावलं. पण मन चिंती ते वैरी न चिंती. त्यांनी स्वतः शोधायला घेतलं. तरुणपणी हृदयविकार. डाव्या हाताला मुंग्या. छातीत दुखणं आणि जळजळणं यातला फरक. एकामागून एक अकरा पानं उघडली.

दुसऱ्या दिवशी यादी वाढली होती. 'शस्त्रक्रियेनंतरची काळजी.' 'हृदयरुग्णानं एकटं राहावं का?'

एकटं या शब्दापाशी काका बराच वेळ थांबले. एकतीस वर्षांचं पोर, परक्या गावात, भात मऊ होतो म्हणून इंटरनेटला विचारणारं. आणि आपल्याकडे त्याचा साधा नंबर नाही. काकांना जेवण जाईना. ते वाचतच राहिले. कोणते डॉक्टर चांगले, खर्च किती, बापाचं रक्त मुलाला चालतं का.

तिसऱ्या दिवशी यादीत त्यांच्याच गावातलं मोठं इस्पितळ होतं आणि त्याखाली उद्या सकाळच्या बसचं तिकीट. म्हणजे पोरगं उपचाराला इथेच येणार, आणि घरी कळवणार नाही! काकांनी इस्पितळाचं पान दोनदा उघडलं, हृदयविभागाच्या वेळा कागदावर उतरवल्या, शर्टाला इस्त्री केली.

नऊच्या ठोक्याला ते हृदयविभागाबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. माफी मागायची, हे पक्कं ठरवलं होतं. वाक्य चारदा जुळवलं, चारदा खोडलं. शेवटी, "चुका माझ्याच होत्या," एवढंच ठेवलं.

साडेअकराला जिन्यातून मुलगा आला. वाळला होता. बाहीला लाकडाचा भुसा तसाच. धापा टाकत होता आणि चेहरा पांढराफटक. काका सगळं जुळवलेलं विसरले. धावतच गेले, त्याच्या दंडाला धरून त्याला बाकावर बसवलं.

"जिने कशाला चढलास? लिफ्ट आहे ना! किती दिवसांपासून दुखतंय तुला? बापाला सांगावंसं नाही वाटलं?"

मुलानं काकांचा हात हातात घेऊन नाडी पाहिली.

"मला काय झालंय, बाबा? चार-पाच दिवस आधी हृदयाच्या कप्प्यांची, मग छातीच्या दुखण्याची पानं तुम्हीच उघडताय. गेली तीन वर्षं रोज सकाळी मी तुमची यादी बघतो."