दुपट्ट्याची गाठ

लॉकडाऊनमध्ये गाड्या बंद झाल्या, तेव्हा दुर्गेशने म्हाताऱ्या आईला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं, पडू नये म्हणून दुपट्ट्याने पाठीशी बांधलं आणि हैदराबादहून नागपूर गाठलं. वाटेत लोकांनी पाणी दिलं, भाकर दिली. पांढरकवड्याच्या एका बाईने तर लांबूनच त्याची दृष्ट काढली. म्हणाली, "श्रावणबाळ हाये माय."

नागपूरच्या नंदनवन वस्तीत थोरल्या भावाने फाटक उघडलं. आईचे पाय आखडले होते, तिला उतरता येईना.

"काहून एवढी घाई केली गा? गाड्या तरी सुरू होऊ द्यायच्या."

दुर्गेश गाठ सोडत म्हणाला, "आईले ठेवायची माही पाळी एक तारखेलेच संपली, दादा. रस्त्यातले दिवस जास्तीचे झाले. ते तू पुढं भरून देजो."