आतल्या खोलीतली हाक

"चिमू, खिडकी लाव गं. वारा येतोय."

चिमूने हेडफोन काढून ठेवला. पडद्यावर कुणाचा तरी विम्याचा दावा अर्धवट उघडा होता. ती उठली, आतल्या खोलीत जाऊन खिडकी लावली.

"मघाशी तूच उघडायला लावलीस ना?"

"मघाशी उकडत होतं."

"आई, एक वेळ घड्याळ चुकेल, पण तू नाही चुकणार. तास झाला की हाक आलीच."

"म्हातारपण आहे बाई. कधी काय लागेल, सांगता येतं का?" आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

चिमूच्या कंपनीने सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं, तेव्हापासून जेवणाचं टेबल हेच तिचं ऑफिस झालं होतं. नियम कडक होते. लोकांची खाजगी माहिती समोर असते, म्हणून मोबाइल जवळ ठेवायचा नाही. तिचा मोबाइल दिवसभर स्वयंपाकघरात, फ्रिजवर. हात थोडा वेळ थांबले की पडद्यावर तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होई आणि तो साहेबांना दिसे.

बाबाही घरीच काम करत. कोर्टाचे कागद टाइप करायचे. त्या काळ्या टाइपरायटरची टकटक, शाईच्या फितीचा वास, बाजूला साय धरून गार झालेला चहा, हे सगळं या घराला अजून आठवत असावं. ते दिवस दिवस खुर्ची सोडत नसत. एका दुपारी टकटक थांबली. पायातली रक्ताची गाठ वर चढली, असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतरही आई ताठ होती. यंदा चिमूचा पाय सुजला, तेव्हा दवाखान्यात जाताना जिन्यात तीच पुढे होती. मग मात्र तिने अंथरूणच धरलं. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडेना. "वय झालं," ते म्हणाले.

चिमूने तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, तर आई म्हणाली, "हे शिळं आहे. ताजं आण."

"पाणी शिळं होतं का कधी?"

"माझ्या वयाला ये, मग कळेल."

चष्मा पलंगाखाली जाई. पांघरूण खाली पडे. दिवा लावायचा असे, मग घालवायचा असे. एवढं एक बरं होतं, की गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला वेळ मिळत नसूनही रोपं तरारलेली होती. हवाच दमट असेल, असं चिमूला वाटे.

शेवटी साहेबांनी बजावलं. पिवळा ठिपका असाच दिसत राहिला, तर या महिन्यानंतर काम मिळणार नाही.

तिने दादाला फोन केला. तो दूर राहत होता, त्याला सगळं सोपं वाटे.

"वृद्धाश्रमात ठेवू. चांगला आहे, मी चौकशी केलीय. तुझा पाय कसा आहे?"

"आहे तसाच. डॉक्टर म्हणतात, बसून राहू नका. आईपायी बसायला मिळतंय कुठे!"

दोघं हसले.

आईने रडारड केली नाही. "नोकरी टिकली पाहिजे," एवढंच म्हणाली. गाडीत बसवताना तिने चिमूचा हात धरला. "टेबलावर पाणी ठेवू नकोस हं. स्वयंपाकघरातच असू दे."

"नाही सांडत गं मी."

घर शांत झालं. चिमू सकाळी बसली की जेवायलाच उठे, पुढे पुढे जेवणही टेबलावरच. ठिपका दिवसभर हिरवा. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. संध्याकाळी आतल्या खोलीत पाऊल टाकवत नसे, म्हणून तिने ते दार ओढून घेतलं.

तेवढ्यात एक नवीनच पीडा सुरू झाली. स्वयंपाकघरात मोबाइल वाजे आणि ती पोचेपर्यंत थांबे. अनोळखी नंबर. उलट फोन केला, तर कुणी उचलेना. पुन्हा थोड्या वेळाने तेच. आठवडाभर तिने सोसलं आणि मग वैतागून तो अनोळखी नंबर ब्लॉक करून टाकला. आता अगदी कुणाचाच त्रास नव्हता.

रविवारी ती आईला भेटायला गेली. पाय जड झाला होता, बूट चढेना, म्हणून चपला घालूनच निघाली. वृद्धाश्रमाचा जिना चढताना मध्ये तीनदा थांबावं लागलं.

आईचा पलंग रिकामा होता. चादर घडी करून ठेवलेली.

शेजारच्या पलंगावरची म्हातारी उठून बसली. "तू चिमू ना? बरी आहेस ना गं बाई?"

"मला काय झालंय? आई कुठे आहे?"

"मग फोन का लागत नाही तुझा? माझ्याच मोबाइलवरून लावायची ती. जरा वाजला की बंद. मलाही ताकीद, उलट आला तर उचलायचा नाही. म्हणायची, सांगितलं की चिडते, पण वाजलं की उठते."

चिमूने पलंगाचा दांडा धरला. "आजी, आई कुठे आहे? तिला तर उठताही येत नाही."

"कुणाला?" म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, आमच्या सगळ्या मजल्याचं पाणी तीच भरते. दोन दिवस तुझा फोन लागेना, तर घास उतरला नाही तिच्या घशाखाली. आज उजाडताच चपला घातल्या आणि मागच्या दाराने चालत निघाली तुझ्याकडे. म्हणाली, तिचे बाबाही असेच गप्प झाले होते. आता हाक मारायला मलाच गेलं पाहिजे."