टायगरचं पथ्य

टायगरला चार पावलं चाललं तरी धाप लागायची. "चरबी अशीच वाढली तर कुत्रं हातचं जाईल," असं माजलगावच्या जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा हनुमाननं त्याच दिवशी पथ्य सुरू केलं. लेकरासारखं वाढवलेलं कुत्रं ते.

त्यानं वजन उतरवायचं पाकिटातलं खाद्य आणलं, मापानं घातलं, दूध-भाकरी बंद केली. तरी टायगर फुगतच चालला. बायको मंगल शपथेवर सांगायची, "म्या तुकडाबी टाकीत न्हाई." हनुमान शेजाऱ्यांशी भांडला. बाहेर कुणी खाऊ घालू नये म्हणून त्यानं टायगरला ओसरीवर आईच्या बाजेला बांधलं. फरक पडेना.

शेवटी एका दुपारी तो दाराआड लपून बसला. आई सुंदरबाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि आपल्या ताटातली भाकरी, कालवणात भिजवलेली, सगळीच्या सगळी टायगरला चारली.

"आये, जीव घेतीस का त्याचा!" हनुमान धावला. ताट हिसकावताना तिचं मनगट त्याच्या हातात आलं. नुसतं हाड.

सुंदरबाईनं पदर गळ्याशी ओढून घेतला.

"मंग काय करू बाबा? लई दिवस झाले, घास गळ्याखाली उतरतच न्हाई."