बोटाएवढा डाग

रायफल विकत घ्यायला आलेल्या शंतनूने ती रिकामी असल्याची पुन्हा एकदा खात्री केली, मग डायनिंग टेबलावर टॉवेल पसरून ती अलगद आडवी ठेवली. मीनाक्षीकाकूंना तेवढ्यानेच बरं वाटलं. नेपरव्हिलचं घर आवरून त्या कायमच्या मुलीकडे क्युपर्टिनोला निघाल्या होत्या, आणि मुलीने बजावलं होतं, "आई, घरात लहान मुलं आहेत, बाबांची रायफल आणायची नाही." जायचीच आहे, तर निदान चांगल्या हातात जावी.

काकूंच्या दिवंगत यजमानांनी, त्र्यंबकरावांनी, ती हौसेने घेतली होती. रिकाम्या डब्यांखेरीज त्यांनी जन्मात कशावर गोळी झाडली नाही, आणि त्यातलेही बरेच डबे वाचायचे.

शंतनूने खालचा लिव्हर पुढे-मागे केला. नळीत टॉर्च मारून पाहिला. "काकू, बोअर एकदम क्लीन आहे. वूड ओरिजिनल. स्क्रूसुद्धा कोणी उघडलेले नाहीत."

मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात आई बसते, तशा काकू अंग चोरून बसल्या होत्या. आता कुठे त्या जरा सैलावल्या.

तेवढ्यात तो थबकला. "हा डाग बघा. काहीतरी ओलं लागलं आणि कोणी पुसलंच नाही. गंज धरलाय. यानेच व्हॅल्यू पडते. पण डोन्ट वरी, स्टील वूलने घासून काढतो मी."

काकूंनी पटकन डागावर हात ठेवला.

"किंमत हवी तेवढी कमी कर. पण तो काढू नकोस." त्यांनी हात डागावरून काढला नाही. "दर खंडेनवमीला हे तिची पूजा करायचे. कुंकू कालवून बोटाने टिळा लावायचे. मी पुसायला गेले की ओरडायचे, 'शस्त्राचा टिळा पुसू नये!' मी म्हणायचे, अहो, गंजेल. गंजलीच बघ शेवटी."

त्या हसायला गेल्या आणि डोळे भरून आले. माणूस गेलं, की त्याचा हट्टसुद्धा किती हवासा वाटतो.

शंतनूने स्टील वूल गुपचूप बॅगेत टाकलं. फडक्यावर तेल घेऊन त्याने सगळी रायफल सावकाश पुसली. डागापाशी आल्यावर फडकं बाजूने वळवून नेलं.

"काकू, नवमीला मी कुंकू कोरडंच लावीन," रायफल टॉवेलात गुंडाळताना तो म्हणाला. "डाग आहे तेवढाच राहू दे. काकांच्या बोटाएवढा."