आता ताईचा नंबर

लहानपणी हातातला व्हिडिओ गेम मी ताईला कधी धड खेळूच दिला नाही. ते मनाला लागून राहिलं होतं. चाळिशीत तोच गेम माळ्यावरून काढला, प्रोग्रामिंगच्या सी भाषेशी सहा महिने झटापट केली आणि साधा एक फोटोसुद्धा मावणार नाही एवढ्याशा मेमरीत खास तिच्यासाठी नवा खेळ बसवला. सुरू केला की पडद्यावर येतं, ‘ताई, आता तुझा नंबर.’

ते वाचून ताईचे डोळेच भरून आले. “वेड्या, दे इकडे,” म्हणाली.

“एकच मिनिट हं, उडी कशी मारायची तेवढं दाखवतो.”



सेल संपले तेव्हा मी सातव्या लेव्हलला होतो आणि ताई चपला घालत होती.