दोन हजार बसल्या जागी

"फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचा. भाडं अठरा हजार, बँकेचा हप्ता सोळा. दोन हजार बसल्या जागी सुटले!" शिंप्याने टेबलावरच खडूने आकडे मांडले. काजं करता करता बायकोने विचारलं, "अहो, घरपट्टी? डागडुजी? महिनाभर रिकामा पडला तर?" त्याने कुरकुरत दोन हजारांचे पाचशे केले. "आणि टोकन कुठून भरायचं?" "आपलं तीन महिन्यांचं घरभाडं थांबवलंय ना, त्यातून." "आपल्या भाडेकरूनेही तसंच केलं तर?" शिंपी उखडला. "करेल कसा? माणसाला काही लाज असते!" तेवढ्यात दार वाजलं. फटीतून घरमालक दिसताच बायकोने पंखा बंद केला, शिंपी खडूसकट टेबलाखाली शिरला. अखेर बाहेरून दमलेला आवाज आला, "मास्तर, हिशोब ऐकला. चोख आहे. फक्त चपलांचा खर्च धरायचा राहिलाय. हेलपाटे घालून वर्षाला दोन जोड झिजतात."