तारेजवळची बोटं

डॉक्टर असे हट्टी, की हाडांनीही त्यांच्यापुढे हात टेकावेत. ऑपरेशन टेबलावर भूल दिलेल्या बाईंच्या कंबरेवरच्या बोटभर छेदातून त्यांनी स्क्रूला वाट दाखवणारी तार सरकवली.

"घे फोटो."

"आधी हात काढा, सर," एक्स-रेवाला म्हणाला. पडद्यावर तारेशेजारी पाच बोटांची हाडं दिसत होती.

डॉक्टरांनी दोन्ही हात वर केले. "मग पडद्यावरचा हा हात काय तुझ्या सासऱ्याचा?"

पुन्हा फोटो. बोटं तारेच्या आणखी जवळ आली होती.

"थांबू या, सर," सिस्टर पुटपुटली.

"निखळलेला सांधा आज जोडला नाही, तर या बाई पुन्हा उभ्या राहायच्या नाहीत. स्क्रू बसणारच."

त्यांनी तार चिमटीत घट्ट धरली. तिसऱ्या फोटोत ती बोटं तारेभोवती मिटली होती.

आणि डॉक्टरांच्या चिमटीतली तार कुणीतरी हळूच आत ओढली.